मात्रा मोकळ्या, वाट पक्की : अक्षर-ठोकळ्यांचा खेळ मराठीत कसा खेळायचा

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या घरी सगळे जमतात. आरती झाली, जेवणं झाली की बाहेर पाऊस आणि आत पाच ते सत्तर वयाची पंधरा माणसं. अशाच एका चवथीला भाचरांनी इंग्रजी अक्षरांच्या ठोकळ्यांचा खेळ आणला. मुलं रमली. पण माझी आई आणि मावशी, दोघी मराठी शाळेत शिकलेल्या, शब्दांच्या बाबतीत घरात सर्वांत श्रीमंत, त्या मात्र बाजूला बसून राहिल्या. ते मला सहन झालं नाही. पुढच्या चवथीपर्यंत मी मराठी ठोकळे केले. आता तो खेळ आमच्याकडे वर्षभर चालतो. पहिल्यांदाच खेळू पाहणाऱ्यांसाठी तो इथे सुरुवातीपासून सांगते आहे.

मूळ खेळ काय आहे

इंग्रजीत या खेळाला बॉगल म्हणतात. अ‍ॅलन टुरॉफ यांनी तो रचला आणि १९७२ साली अमेरिकेतल्या पार्कर ब्रदर्स या कंपनीने बाजारात आणला. चार ओळी, चार रांगा अशी सोळा घरांची चौकट, त्यात सोळा ठोकळे, प्रत्येक ठोकळ्याच्या सहाही बाजूंवर अक्षरं. झाकण लावून चौकट हलवायची, ठोकळे घरात बसले की झाकण काढायचं आणि तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं. तेवढ्या वेळात वर दिसणाऱ्या सोळा अक्षरांतून जितके शब्द सापडतील तितके प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचे. बोलायचं नाही.

शब्द कसा जुळवायचा, यात खेळाचा जीव आहे. शब्दातलं पुढचं अक्षर आधीच्या अक्षराला चिकटून असलं पाहिजे, आडवं, उभं किंवा तिरकं. आणि एका शब्दात एक ठोकळा एकदाच वापरायचा. शब्द किमान तीन अक्षरांचा हवा. वेळ संपल्यावर सगळे आपले शब्द वाचतात आणि जो शब्द दोघांनी लिहिला असेल तो दोघांच्याही कागदावरून कापला जातो. उरलेल्यांना गुण : तीन किंवा चार अक्षरी शब्दाला १, पाच अक्षरीला २, सहाला ३, सातला ५, आठ आणि त्यापुढे ११.

नियम एवढेच. पण हे जसेच्या तसे मराठीत आणले की खेळ बसकण मारतो.

मराठीत अडतं कुठे

इंग्रजीत स्वर हे वेगळे अक्षर असतात आणि व्यंजनाच्या शेजारी उभे राहतात. आपल्याकडे स्वर व्यंजनाच्या खांद्यावर, पोटाखाली, मागेपुढे बसतो. ‘कि’, ‘की’, ‘कु’, ‘के’ यांना वेगळी बाजू द्यायची म्हटलं तर एका ‘क’साठीच दोन ठोकळे भरतील. मी पहिल्यांदा तेच केलं. मात्रांसकट अक्षरं रंगवली. चौकट हलवली की ‘टो’, ‘घी’, ‘भु’, ‘चै’ अशी मंडळी समोर यायची आणि त्यांतून शब्द काही जुळायचा नाही. नंतर मात्रांचे वेगळे ठोकळे करून पाहिले. मग काना कोणाला लावायचा यावरच भांडणं.

शेवटी उत्तर साधं निघालं. ठोकळ्यावर नुसतं व्यंजन काढायचं आणि खेळणाऱ्याने त्याला हवी ती मात्रा लावायची. ‘म’चा ठोकळा म्हणजे म, मा, मि, मी, मु, मू, मे, मै, मो, मौ, मं, आणि अर्धा म्‌ सुद्धा. आमच्या घरात या नियमाला ‘मात्रा मोकळ्या’ म्हणतात. त्याच्या जोडीला मूळ खेळाचा शेजारचा नियम अजिबात सैल सोडायचा नाही, तो ‘वाट पक्की’. या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकीचं तुम्ही तुमच्या घरासारखं ठरवू शकता.

पहिली पायरी : ठोकळे तयार करणं

सुताराकडे दोन सेंटिमीटर जाडी-रुंदीची चौकोनी पट्टी मागा. त्याच्याकडे फणसाच्या किंवा सागवानाच्या फळकुटांचे तुकडे पडलेलेच असतात. सोळा ठोकळ्यांना ३२ सेंटिमीटर लागतात, पण करवतीच्या प्रत्येक कापात थोडं लाकूड जातं आणि एखाददुसरा ठोकळा तिरका निघतो, म्हणून ४५ सेंटिमीटर घ्या. हे काम जून-जुलैत उरकून घ्यावं. चवथ जवळ आली की सुतार माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या बांधायच्या, चौकटी आणि घराघरांतल्या दुरुस्त्यांत बुडालेले असतात.

ठोकळे पॉलिश पेपरने चांगले घासा, विशेषतः जिथे करवत लागली आहे त्या दोन बाजू. तिथे लाकडाच्या शिरा उघड्या असतात आणि शाई त्यांतून पसरते. माझे पहिले ठोकळे असेच फुकट गेले : पावसाळ्याची ओल धरल्यावर ‘प’ आणि ‘य’ ओळखू येईनात. म्हणून आधी रंगाचा एक पातळ हात, तो सुकू द्यायचा, मग बारीक कुंचल्याने ऑइल पेंटने अक्षर, आणि ते दोन दिवस वाळल्यावर वरून वॉर्निशचा हात. मार्कर पेन वापरणार असाल तर एका जादा ठोकळ्यावर आधी करून पाहा, वॉर्निश लावताना काही शाई विरघळते.

अक्षर काढताना शिरोरेषा ठळक काढा. इंग्रजी ठोकळ्यांवर एम आणि डब्ल्यू उलटसुलट सारखेच दिसतात म्हणून त्यांच्याखाली रेघ मारावी लागते. आपल्याकडे हे काम शिरोरेषाच करते, ठोकळा कसाही पडला तरी वरची बाजू लगेच कळते. मात्र ‘भ’, ‘ध’ आणि ‘थ’ यांच्या शिरोरेषेतली फट मोठी ठेवा, नाहीतर ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ होतो आणि डाव संपल्यावर रडारड होते.

लाकडाची सोय नसेल तर अडून बसू नका. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद कापून सारख्या आकाराच्या ९६ चौकोनी चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर एक अक्षर, आणि कापडी पिशवीत भरा. दर डावाला न बघता सोळा काढायच्या आणि चार-चारच्या ओळींत मांडायच्या. शाळेत मी हेच सुचवते, कारण चार गटांना चार संच एका तासात तयार होतात.

दुसरी पायरी : कोणतं अक्षर किती वेळा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळा खेळ यावर उभा आहे. सोळा ठोकळे गुणिले सहा बाजू म्हणजे ९६ जागा. वर्णमाला सरळ भरत गेलात तर ‘झ’ आणि ‘र’ सारख्याच वेळा येतील, आणि मराठी तशी नाही. वर्तमानपत्राचा कुठलाही परिच्छेद घेऊन मोजून बघा, र, क, त, न, ल, स यांची गर्दी दिसेल. बऱ्याच डावांनंतर माझा वाटप असा ठरला आहे :

र – ७
क – ६
त, न, ल, स – प्रत्येकी ५
प, म, व, आणि स्वराचा ‘अ’ – प्रत्येकी ४
य, ग, च, ह, द, ण, ज, ट, ळ – प्रत्येकी ३
ब, ड, श, भ, ख – प्रत्येकी २
थ – १, ध – २
घ, ठ, फ, झ, ढ, ष, छ – प्रत्येकी १

बेरीज ९६ भरते. आता हे ठोकळ्यांवर टाकायचं कसं? पत्ते वाटतात तसं. सोळा ठोकळे ओळीने मांडा आणि वरच्या यादीच्या क्रमाने एकेक अक्षर एकेका ठोकळ्याला देत जा. सात ‘र’ पहिल्या सात ठोकळ्यांना, पुढचे सहा ‘क’ आठव्यापासून तेराव्यापर्यंत, मग ‘त’ चौदा, पंधरा, सोळा आणि परत फिरून एक, दोन. असं सहा फेऱ्या केलं की प्रत्येक ठोकळ्याला बरोबर सहा अक्षरं मिळतात आणि एकाही ठोकळ्यावर तेच अक्षर दोनदा येत नाही. ‘र’ आणि ‘क’ कधी एका ठोकळ्यावर येत नाहीत, त्यामुळे दोघे एकाच डावात वर दिसू शकतात. दुर्मीळ अक्षरंही आपोआप शेवटच्या फेरीत वेगवेगळ्या ठोकळ्यांवर पडतात. पूर्वी मी ती सगळी दोन ठोकळ्यांवर कोंबली होती, तर प्रत्येक डावात ते दोन ठोकळे जवळपास मेलेलेच असायचे.

या वाटपाने ‘र’ शंभरातल्या साधारण ७२ डावांत निदान एकदा तरी वर येतो, ‘अ’ साधारण निम्म्या डावांत, आणि ‘झ’ सहा डावांत एकदा. ‘झ’ आला की मुलं ओरडतात, आणि ती गंमत राहायला हवी.

‘ळ’ तीन वेळा का, असं कोणी विचारेल. गोव्यात राहून ‘ळ’ कमी ठेवणं मला जमलं नाही. नारळ, मासळी, कुळागर (माड-पोफळीची बाग), माटोळी, फळ, जाळं, तळं, सगळीकडे तोच आहे.

तिसरी पायरी : चौकट

काजूचा किंवा मिठाईचा पुठ्ठ्याचा चौकोनी डबा घ्या. आत पुठ्ठ्याच्या तीन उभ्या, तीन आडव्या पट्ट्या एकमेकींत खाचा करून अडकवा, सोळा घरं होतात. घर ठोकळ्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं ठेवा. उन्हाळ्यात ते ढिलं वाटेल, पण पावसात लाकूड फुगतं आणि तेव्हा नेमकं बसतं. तळाला जुन्या चादरीचा तुकडा चिकटवला की आवाज कमी होतो. घरात कोणी दुपारी झोपत असेल तर हे करावंच.

चौथी पायरी : एक डाव खेळून बघू

नियम वाचून कळत नाहीत, म्हणून ही मांडणी समोर घ्या. कागदावर उतरवून बोटाने वाट काढत वाचलंत तर उत्तम.

म   स   ळ   क
ट   त   र   ग
ल   प   व   न
च   क   द   अ

वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या ‘क’पासून डावीकडे ‘ळ’, तिथून तिरकं खाली ‘ग’, शेजारी ‘र’. झालं कुळागर. चार ठोकळे.

वरच्या ओळीतच म, स, ळ, म्हणजे मासळी. त्याच ओळीत उलट्या दिशेने क, ळ, स, म्हणजे कळस. दिशा कोणतीही चालते, उजवीकडून डावीकडे, खालून वर, आणि मध्येच वळलात तरी हरकत नाही.

आता पहिलं अवघड वळण. ‘माटोळी’ दिसतेय का? म आहे, खाली ट आहे, ळ पण आहे. पण ‘ट’ आणि ‘ळ’ एकमेकांना कुठेही टेकत नाहीत. म्हणून माटोळी इथे नाही. नवीन माणसाचे निम्मे शब्द पहिल्या डावात यावरच बाद होतात. अक्षरं समोर दिसतात, वाट नसते. लिहिण्याआधी बोटाने मनातल्या मनात एकदा चालून यायची सवय लावा.

जोडाक्षर आलं की त्यातल्या प्रत्येक व्यंजनाला स्वतःचा ठोकळा हवा. ‘पर्वत’ म्हणजे प, र, व, त. रफार डोक्यावर बसला तरी तो ‘र’च आहे, त्याचा ठोकळा वाटेत आलाच पाहिजे. इथे ‘प’वरून तिरकं वर ‘र’, खाली ‘व’, तिरकं वर ‘त’, म्हणजे पर्वत बसतो. ‘त्र’ म्हणजे त आणि र, ‘श्र’ म्हणजे श आणि र, ‘क्ष’ म्हणजे क आणि ष. ‘ज्ञ’साठी आम्ही एकट्या ‘ज’ला चालवून घेतो. द्वित्त असेल तर दोन ठोकळे लागतात, म्हणून ‘सत्तर’ला दोन ‘त’ हवेत आणि या मांडणीत एकच आहे.

अनुस्वार मोकळा. त, र, ग यांतून तरंग होतो.

‘अ’चा ठोकळा सुटा स्वर दाखवतो, अ पासून औ पर्यंत कुठलाही. खालच्या उजव्या कोपऱ्यात व, अ, न असे तीन एकमेकांना टेकून आहेत. गोव्यात हे पाहून पहिला शब्द ‘वाईन’ सुचतो आणि तो आम्ही धरतो. मराठीत रुळलेला शब्द मूळचा कुठला हे विचारायचं नाही. विचारायला गेलो तर बटाटा, पगार, चावी, काजू, अननस हे पोर्तुगिजांकडून आलेले शब्दही काढून टाकावे लागतील आणि घरात खायला काही उरणार नाही.

आणखी काय आहे या मांडणीत? सरपंच : वरच्या ‘स’वरून तिरकं ‘र’, परत तिरकं खाली ‘प’, परत तिरकं कोपऱ्यातला ‘च’. गावरान : ग, व, र, न. मतपेटी : म, त, प, ट. काळसर. टपाल. पाटील. चपाती. कापूर. पदवी. गवत. आणि सगळ्यांत मोठा, जो या मांडणीवर खेळताना मला आणि माझ्या भाचीला, दोघींनाही दिसला नाही : क, ळ, स, त, र, म्हणजे कळसूत्री. पाच ठोकळे, एकही उडी नाही.

‘एका वाटेला एक शब्द’

मात्रा मोकळ्या सोडल्या की एक नवी अडचण येते. न, व, र या तीन ठोकळ्यांवरून नवरा, नवरी, नवरे, सगळं निघतं. पहिल्या वर्षी माझ्या भाचीने एका वाटेवरून असे शब्द उपसून अर्धा कागद भरला. खेळ शब्द शोधायचा न राहता मात्रा फिरवायचा झाला. तेव्हापासून नियम : तेच ठोकळे, त्याच क्रमाने, तर शब्द एकच. कोणता ठेवायचा ते लिहिणाऱ्याने ठरवायचं. क्रम बदलला तर वाट बदलली. स, र, ळ यांवरून ‘सरळ’ आणि र, स, ळ यांवरून ‘रसाळ’, दोन्ही चालतात.

या नियमाचा एक लाभ मला नंतर कळला. इतरांच्या कागदावर नसेल असा शब्द निवडावा लागतो. सगळे ‘नगर’ लिहिणार हे ओळखून कोणी ‘नागर’ किंवा ‘नांगर’ लिहितो आणि त्याचा गुण वाचतो. म्हणजे मात्रांनाच डावपेचाचं काम मिळालं.

कोणते शब्द धरायचे

डाव सुरू होण्याआधी हे सगळ्यांसमोर ठरवा, नंतर नाही. आमच्याकडे असं आहे : विशेषनामं नाहीत. विभक्ती लागलेली रूपं नाहीत, ‘घर’ चालतं, ‘घरात’ नाही. क्रियापद ‘णे’कारान्त लिहायचं, म्हणजे ‘करणे’ चालेल, ‘करतो’, ‘करून’ नाही. नामाचं एकवचन लिहायचं. गोव्यात पुष्कळ आडनावं ‘कर’वर संपतात, त्यामुळे क आणि र शेजारी आले की नव्या खेळाडूचा हात आपोआप गावाच्या नावाकडे जातो. त्याला आधीच सांगून ठेवा.

कोकणीचं काय, हा प्रश्न इथे येणारच. आमच्या मुलांच्या तोंडी दोन्ही भाषा एका वाक्यात असतात आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. पण डाव मराठीचा असेल तर मराठीचा. आम्ही कसोटी अशी लावतो : तो शब्द तुम्ही मराठी वाक्यात, मराठी बोलताना, सहज वापरता का? माटोळी, कुळागर, खाजन (खाडीकाठची शेतजमीन), पोदेर (पाववाला), चवथ हे शब्द गोव्याच्या मराठीचेच आहेत, ते बिनतक्रार धरतो. ‘नुस्तें’ मात्र कोकणी डावासाठी राखून ठेवतो, मराठी डावात ‘मासळी’ लिहायची. कोकणीही देवनागरीत लिहिली जाते, त्यामुळे हेच ठोकळे घेऊन कोकणीचा वेगळा डाव छान होतो, आणि तो आम्ही खेळतोही. दोन्हींची सरमिसळ केली तर हरलेला माणूस शेवटी भाषेवर रागावतो, आणि ते मला नको आहे.

वाद झाला तर कोश उघडायचा. घरात एक मराठी शब्दकोश हाताशी असावा. नसेल तर मोल्सवर्थचा १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही इंटरनेटवर शोधता येतात. मोल्सवर्थ पाहताना मुलं भलत्याच शब्दावर थांबतात आणि डाव दहा मिनिटं लांबतो. लांबू द्या.

शुद्धलेखनाबद्दल मी जरा कडक आहे. मात्रा आपण मोकळ्या सोडल्या आहेत, म्हणजे त्या लिहिण्याची जबाबदारी खेळणाऱ्यावर आली. ‘पाटील’ला ‘पाटिल’ लिहिलं तर गुण नाही. ‘मासळि’ लिहिलं तरी नाही, कारण मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा, हा मराठीच्या मान्य लेखननियमांतला एक सोपा नियम आहे. नवख्यांना मात्र पहिले पाच-सहा डाव सूट द्यावी. चूक दाखवायची, गुण कापायचा नाही. माझ्या भाचरांपैकी एकाचे ऱ्हस्व-दीर्घ शाळेच्या वहीत कधी सुधारले नाहीत, इथे दोन महिन्यांत सुधारले. एक गुण जातोय म्हटल्यावर वेलांटी नीट लक्षात राहते.

गुण

मूळ खेळातले गुण मराठीला लागू पडत नाहीत. मात्रा अक्षरात सामावल्यामुळे आपले शब्द ठोकळ्यांच्या हिशेबात आखूड होतात, सात ठोकळ्यांचा शब्द सापडायला वर्ष जाईल. आम्ही मोजतो ते असं : तीन ठोकळ्यांना १, चारला २, पाचला ४, सहा किंवा जास्त असतील तर ७.

वरच्या मांडणीवर मी आणि भाची खेळलो तो हिशेब देते. माझे शब्द : कुळागर, सरपंच, गवत, नवरा, चपाती. तिचे : कळस, सरपंच, गावरान, टपाल, गवत, पदवी. सरपंच आणि गवत दोघींकडे, म्हणून दोन्हीकडून गेले. माझे उरले कुळागर २, नवरा १, चपाती १, एकूण ४. तिचे कळस १, गावरान २, टपाल १, पदवी १, एकूण ५. ती जिंकली. कळसूत्रीचे ४ कोणालाच मिळाले नाहीत.

वेळ मूळ खेळात तीन मिनिटं आहे. सुरुवातीला चार घ्या, कारण मात्रांसकट लिहायला जास्त वेळ लागतो. हात बसला की तीनवर या. वाळूचं घड्याळ मिळालं तर जरूर घ्या, पावसाळ्यात वीज जाते आणि फोनची बॅटरी लोकांना दुसऱ्या कामासाठी हवी असते. मेणबत्तीच्या उजेडात आम्ही बरेच डाव खेळलो आहोत. तेव्हा अक्षरं काळी आणि ठोकळा पांढरट असलेला बरा.

नजर कशी लावायची

नवख्याची नजर चौकटीवर भिरभिरते. ती एका जागी बांधायला शिका. माझी पद्धत : आधी ‘र’ शोधायचा, त्याच्या आठही बाजूंची अक्षरं त्याच्या आधी आणि नंतर लावून बघायची. मराठीत ‘र’ शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी कुठेही बसतो. मग ‘ण’ दिसला तर त्याच्या शेजारची क्रियापदं काढायची : करणे, पळणे, रुसणे, वाचणे. ‘ण’ला दोन-तीन चांगले शेजारी मिळाले तर तेवढ्यावर डाव निघतो. कोपऱ्यातल्या ठोकळ्याला तीनच शेजारी असतात, म्हणून त्याच्यापासून शब्द सुरू करावा किंवा त्याच्यावर संपवावा, मधून जाणं कठीण. मधल्या चार घरांत ‘झ’ किंवा ‘ढ’ अडकला तर ती बाजू सोडून कडेने फिरावं.

माझी आई असं काहीच करत नाही. ती मांडणीकडे बघते आणि तिला भाजीबाजार, देवघर, शेत दिसतं. एकेक दालन आठवून त्यातले शब्द चौकटीत आहेत का बघते. तिचे शब्द बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाकडे नसतात, त्यामुळे कापले जात नाहीत.

लहान मुलं आणि खास डाव

सात-आठ वर्षांच्या मुलांना दोन ठोकळ्यांचे शब्दही धरा आणि घड्याळ लावू नका. ठोकळे सरळ करून द्या, उलटी अक्षरं वाचण्याचा त्रास त्यांना नको. वाट पक्कीचा नियम मात्र त्यांनाही ठेवा, तो त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतो.

चवथीच्या दिवसांत आम्ही एक डाव माटोळीचा ठेवतो. त्यात माटोळीला बांधलेल्या वस्तूंच्या नावांना दुप्पट गुण : नारळ, सुपारी, चिबूड, आंबाडा, भोपळा. निरफणस कधी जुळला तर पाच ठोकळे, म्हणजे ८ गुण. त्या निमित्ताने मुलं वर मान करून माटोळीकडे नीट बघतात आणि हे कसलं फळ म्हणून विचारतात.

दुसरा डाव गावांचा. एरवी विशेषनामं बंद, या डावात फक्त गोव्यातल्या गावांची नावं चालू. पणजीला प, ण, ज. पेडणेला प, ड, ण. साखळीला स, ख, ळ. म्हापशाला चार, कारण ‘म्हा’मध्ये म आणि ह दोन्ही आहेत. मुरगाव चार, वाळपई चार, त्यातला ‘ई’ ‘अ’च्या ठोकळ्यावरून. काणकोणला दोन क आणि दोन ण शेजारी-शेजारी लागतात, आजवर जमलेलं नाही. धारबांदोडा पाच ठोकळ्यांचा आहे, तो एकदा जुळता जुळता ‘द’ एका घराने दूर राहिला. वाड्यांची, वठारांची नावंही धरा. मोठी माणसं अशी नावं काढतात की मुलांनी ऐकलेलीही नसतात, आणि मग ती जागा कुठे, तिथे कोण राहायचं, हे सांगण्यात पुढचा डाव अर्धा तास थांबतो.

खेळून झालं की ठोकळे डब्यात तसेच टाकू नका. कोरड्या फडक्याने पुसून, बरणीत भात्याण (भाताचा पेंढा) किंवा वर्तमानपत्राचा कागद घालून झाकण घट्ट लावा. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला, ऊन पडेल त्या दिवशी, तासभर खिडकीत पसरा. बुरशीचा ठिपका दिसलाच तर पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून वॉर्निशचा आणखी एक हात द्या.